मुलांची पुस्तकं निवडतं कोण?

प्रश्न : आमच्या गावात शासनमान्य ‘ड’ वर्गाचं वाचनालय आहे, मी त्याची कार्यवाह. यंदा अनुदान आणि देणगी मिळून मुलांच्या पुस्तकांसाठी पंधरा हजार रुपये बाजूला काढले आहेत. विक्रेते याद्या पाठवतात, घसघशीत कमिशन देऊ म्हणतात. मागच्या खेपेला असाच एक संच घेतला. मुलांनी दोन दिवस चाळला आणि पुन्हा त्याच चार फाटक्या ‘फास्टर फेणे’कडे वळली. मला कुतूहल आहे ते असं, की मोठी वाचनालयं आणि चांगल्या शाळा मुलांची नवी पुस्तकं निवडताना नेमकं काय पाहतात? एवढी पुस्तकं वाचून बघतं तरी कोण?
(एक कार्यवाह, सातारा जिल्हा)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. पुष्कळ ठिकाणी कोणीच नाही.

मोठ्यांच्या पुस्तकांचं बरं असतं. ज्याला नवी कादंबरी हवी तो ग्रंथपालाच्या टेबलापाशी येऊन मागतो, मिळाली नाही तर कुरकुरतो, फारच झालं तर वार्षिक सभेत उभा राहतो. मुलांच्या पुस्तकाच्या बाबतीत लिहिणारा मोठा, छापणारा मोठा, यादी करणारा मोठा, बिलावर सही करणारा मोठा. वाचणारा तेवढा लहान, आणि तो बैठकीला नसतो. पुस्तक आवडलं नाही म्हणून तो अर्ज करत नाही, खेळायला निघून जातो. मुलांच्या पुस्तकखरेदीतल्या बहुतेक खोडी इथून सुरू होतात. बैठकीला हजर असलेल्यांना जे दिसतं तेवढंच मोजलं जातं : कमिशन किती, पानं किती, पुठ्ठा जाड आहे का, आणि बोध काय.

पुस्तकं कपाटापर्यंत येतात त्या वाटा तुम्हाला ठाऊकच आहेत, इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अकरा-बारा हजार वाचनालयांना मान्यता आहे, ‘अ’पासून ‘ड’पर्यंत त्यांचे वर्ग आहेत. ग्रंथ निवड समिती शासनमान्य ग्रंथांच्या याद्या काढते. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून पुस्तकांच्या आणि पैशाच्या रूपाने मदत करतं. सरकारी शाळांसाठी समग्र शिक्षा योजनेत इयत्तांप्रमाणे वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. याद्या वाईट नसतात, बरीचशी रद्दी त्या आधीच गाळतात. पण तुमच्या गावातल्या मुलीच्या हातात कुठलं पुस्तक टिकेल, हे यादीला कळायला मार्ग नाही. त्यातून पैसा बहुधा उशिरा येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च करून पावती लावायची असते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निवड होत नाही, उचल होते. संच विकणाऱ्यांना हा आठवडा चांगला पाठ असतो.

आता जी माणसं नीट निवडतात ती काय करतात? ती वाचतात. मुलांचं पुस्तक लहान असतं ही मोठीच सोय आहे. सोळा-चोवीस पानांचं चित्रपुस्तक दहा मिनिटांत वाचून होतं. एका दुपारी दुकानात ठिय्या दिला तर वीस-पंचवीस पुस्तकं सहज पाहून होतात. मात्र वाचायचं ते मोठ्याने. दुकानदार बघेना का! डोळे जे खपवून घेतात ते जीभ खपवून घेत नाही. जिथे अडखळायला होतं तिथे मूलही अडखळणार, आणि ते तुमच्यासारखं भिडेखातर पुढे वाचणार नाही. बालकविता असेल तर ती टाळीवर म्हणून पाहा. यमक जुळवायला कवीने शब्द पिरगाळला असेल तर टाळी चुकते. विंदा करंदीकरांची बालकविता एकदा टाळीवर म्हणून घ्या, म्हणजे टाळी न चुकणं कशाला म्हणतात ते कानात बसेल.

भाषांतराला ही परीक्षा दुप्पट लावावी. आपल्याकडे उत्तम भाषांतरं आहेत. शांता शेळके यांची ‘चौघीजणी’ घ्या, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेलं ‘तोत्तोचान’ घ्या, कुठेही परकेपण टोचत नाही. पण संचातल्या पऱ्या आणि राजपुत्र कधीकधी असं मराठी बोलतात की राक्षसाने त्यांना खाल्लं तर बरं, असं वाटू लागतं.

दुसरी एक युक्ती. गोष्टीचा शेवटचा परिच्छेद हाताने झाकायचा आणि गोष्ट तिथेच संपली असं समजायचं. ती उभी राहिली तर पुस्तक घ्यावं. ‘म्हणून मुलांनो’ वाचल्याशिवाय जिला अर्थच येत नाही, ती गोष्ट नव्हेच, तो सुविचार. बोधाला माझा विरोध नाही. साने गुरुजींच्या श्यामइतका बोध मराठीत दुसऱ्या कुठल्या मुलाला मिळाला असेल? पण तिथे आई आधी येते, मुलाची चूक येते, लाज येते, आणि मग जे कळायचं ते कळतं.

‘श्यामची आई’चा विषय निघालाच आहे, तर एक व्यवहाराची गोष्ट. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०११ पासून हे पुस्तक कोणीही छापू शकतं. छापतातही. बाजारात स्वस्त आवृत्त्यांचा सुकाळ आहे आणि त्यातल्या काही कापलेल्या असतात. मूळ पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. अनुक्रमणिका उघडून मोजा, कमी भरल्या तर पुस्तक खाली ठेवा. आणि बेचाळीस भरल्या तरी पाहा, तुमच्या कपाटात आधीच्या किती प्रती आहेत. दरवर्षी ‘श्यामची आई’, ‘इसापनीती’, ‘बिरबल’ आणि थोर पुरुषांची चरित्रं पुन्हा घेणं समितीला सोपं जातं, कारण त्यावर कोणी बोट ठेवत नाही. पण तेवढ्या जागेत आणि तेवढ्याच पैशात आज लिहिणाऱ्या माणसाचं नवं पुस्तक आलं असतं.

माहितीच्या पुस्तकांना वेगळी चाळणी लागते. तिथे मोठ्याने वाचण्यापेक्षा तपासणं महत्त्वाचं. मी दोन-तीन ठरलेली पानं उघडतो. सूर्यमालेत ग्रह नऊ असतील तर पुस्तक २००६ च्या आधी अडकलं आहे, त्या वर्षी प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठवलं. महाराष्ट्राचे जिल्हे पस्तीस असतील तर पालघरचा पत्ता नाही, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. प्राण्यांच्या पुस्तकात चित्ता भारतातून नामशेष झाला एवढ्यावरच वाक्य थांबलं असेल तर २०२२ साली नामिबियाहून कुनोत आणलेले चित्ते त्यात नाहीत. हे सगळं मुखपृष्ठावर ‘नवी सुधारित आवृत्ती’ छापलेल्या पुस्तकांतही सापडतं. गोष्ट जुनी झाली म्हणून बिघडत नाही, माहिती बिघडते. तेव्हा नवी घेताना कपाटातली शिळी काढायचा ठरावही त्याच बैठकीत करून घ्या. दाखल नोंदवहीतला आकडा घटेल या भीतीने आपण पुष्कळ मेलेली पुस्तकं सांभाळत बसतो.

चित्रांकडे पाहताना एकच विचारा : शब्दांत नाही असं काही चित्रात आहे का? ‘उंदीर पळाला’ या ओळीशेजारी पळणारा उंदीर काढला तर तो ठीकच, पण त्याच्या मागे मांजर कुठे लपलंय हे मुलाने शोधून काढलं तर ते पान चार वेळा उघडलं जातं. संगणकावर घाऊक काढलेली चित्रं ओळखायला सोपी असतात. गाव मराठी, आजी नऊवारीतली आणि घराला धुराडं! माधुरी पुरंदरे यांची राधाची आणि यशची पुस्तकं पाहिली नसतील तर जरूर पाहा. त्यांत राजा नाही, परी नाही. घर, शाळा, पाहुणे, मुलाच्या रोजच्या जगण्यातल्याच गोष्टी, आणि चित्रं त्यांचीच. लहान मुलांना ती पुन्हापुन्हा हवी असतात. कपाटात एक प्रत असेल तर भांडणं होतात.

भांडणं व्हावीतच. म्हणून माझा आग्रह असा, की शंभर शीर्षकांची एकेक प्रत घेण्यापेक्षा चाळीस शीर्षकं निवडून त्यांतल्या उत्तमांच्या तीन-तीन प्रती घ्याव्यात. मूल बहुधा मित्राच्या हातात पाहिलेलं पुस्तक मागतं. अहवालात आकडा कमी दिसेल, खरं आहे. पण देवघेवीचं रजिस्टर भरलेलं दिसेल.

वय आणि वाचनाची पायरी यांत गल्लत होते, तेही सांगतो. संचावर ‘वय ८ ते १०’ लिहिलेलं असतं. मुलांच्या वाचनाची पाहणी करणारे ‘असर’चे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नाही. अशा मुलाला वयाप्रमाणे पुस्तक दिलं तर ते अक्षरांच्या भिंतीपाशी बसून राहतं, आणि दुसरीचं दिलं तर ते बाळबोध म्हणून लाजतं. त्याच्यासाठी मजकूर थोडा, टाइप मोठा, पण विषय मोठ्या मुलाचा अशी पुस्तकं शोधावी लागतात. ‘प्रथम बुक्स’ आपल्या पुस्तकांवर वाचनाच्या चार पायऱ्या छापतात, ते उपयोगी पडतं. त्यांच्या ‘स्टोरीवीवर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आणि पूर्ण वाचता येतात, छापूनही घेता येतात. कोरकू, गोंडी अशा भाषांतल्या गोष्टीही तिथे आहेत. मेळघाट किंवा गडचिरोलीतल्या शाळांनी हे खास ध्यानात ठेवावं. फोनवर आधी मुलांना वाचून दाखवा, कुठल्या गोष्टीला ‘परत सांगा’ म्हणतात ते टिपा, आणि तीच छापील घ्या. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालाही खिशाला परवडते.

आता तुमचे पंधरा हजार. नियमात बसत असेल तर एका दमात खर्चू नका. दहा हजारांची घ्या, तीन महिने रजिस्टर पाहा, मग उरलेले. आणि तुम्ही सातारा जिल्ह्यात आहात! महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत, बालसाहित्यही आहे, बसून वाचायला पैसे पडत नाहीत. दहा-बारा मुलं घेऊन एसटीने एक दिवस जा. कोण कुठलं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसतं आणि कोण पाचव्या मिनिटाला उठतं, ते फक्त लिहून आणा. कुठल्याही विक्रेत्याकडे इतकी चांगली यादी नसेल.

कमिशनचं राहिलं. पंधरा-वीस टक्के रास्त समजावं. त्याच्या दुप्पट-तिप्पट मिळायला लागलं की किंमत आधीच फुगवलेली आहे का, हे पानं मोजून पाहावं.

प्रश्न : आठवीनंतर मुलं आमच्या शाळेच्या ग्रंथालयात फिरकत नाहीत. मराठीत आमच्या वयासाठी काही नाहीच, असं म्हणतात. हे खरं आहे का? आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी की नाही? शिक्षकांत दोन तट पडले आहेत.
(माध्यमिक शिक्षक, नागपूर)

उत्तर : मुलांचं म्हणणं निम्मं खरं आहे. दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला मराठीत वाचायला पुष्कळ आहे. भा. रा. भागवतांनी बनेश ऊर्फ ‘फास्टर’ फेणे दिला, ज्यूल व्हर्न मराठीत आणला. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आहे. तेराव्या वर्षी मूल वेगळं काही मागू लागतं. त्याला स्वतःबद्दल वाचायचं असतं. मित्र तुटतो तेव्हा काय होतं, वडील चुकतात हे दिसतं तेव्हा काय करायचं, आपण दिसायला कसे आहोत, कोणी आवडलं तर. इंग्रजीत या वयासाठी स्वतंत्र कपाटं भरतील इतकी पुस्तकं निघतात, आणि तुमची मुलं बहुधा तीच मोबाइलवर नाहीतर मित्राकडून मिळवून वाचतात. मराठी प्रकाशक बाराव्या वर्षी मुलाचा हात सोडतो तो एकदम अठराव्या वर्षी धरतो.

मधल्या वर्षांत मराठी मूल आजवर मोठ्यांच्या कपाटात हात घालूनच वाचत आलं आहे. त्या कपाटात एक गोष्ट अशी आहे जिचा आपण पुरेसा उपयोग करत नाही, ती म्हणजे आत्मकथनं आणि चरित्रं. आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ मध्ये आली, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शाळेत जाण्यासाठी बापाशी झगडणारा, रानात राबणारा, मॅट्रिकपर्यंत पोचणारा मुलगा. नववीतल्या मुलासाठी याहून जवळचा नायक कुठला? पुस्तक जाड आहे, भाषा कागलकडची आहे, नागपूरच्या मुलाला पहिली वीस पानं चढ लागेल. तेवढी तुम्ही वर्गात वाचून दाखवा. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ पासून या वयाला धरून आहे. ॲन फ्रँकची डायरी मराठीत आहे. ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’मध्ये धरणाखाली गेलेल्या गावातलं बालपण आहे.

‘शाळा’ ठेवावी. २००४ साली आलेली ही कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची आहे. ती ‘मुलांसाठी’ लिहिलेली नाही हे खरं, पण चौदा वर्षांच्या मनाला इतक्या गंभीरपणे घेणारं दुसरं मराठी पुस्तक मला माहीत नाही. आक्षेप बहुधा दोन असतात. मुलं त्यात शिव्या देतात, आणि नायक मुकुंदाला शिरोडकर नावाची मुलगी आवडते. दोन्ही गोष्टी तुमच्या नववी ‘ब’मध्ये आज या क्षणीही चालू असतील. २०१२ मध्ये त्यावर सिनेमा येऊन गेला, तो मुलांनी पाहिला असण्याचीच शक्यता जास्त. अट एकच घालेन : दोन्ही तटांतल्या शिक्षकांनी ती आधी अथपासून इतिपर्यंत वाचावी. माझा अनुभव असा, की अशा वादात निम्म्या लोकांनी पुस्तक वाचलेलं नसतं, आणि वाचल्यावर वाद निम्मा होतो. सहावी-सातवीला ती देऊ नये, एवढं ठरवलं की पुरे.

नव्यांत काय, असं विचाराल तर साहित्य अकादमीचे बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिले जातात, ती यादी शोधाची सुरुवात म्हणून बरी. २०१७ मध्ये ‘खारीच्या वाटा’, २०१९ मध्ये सलीम सरदार मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’, २०२२ मध्ये संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, २०२४ मध्ये भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’. ही सगळी तुमच्या नववीला चालतीलच असं नाही, काही तर स्पष्टच लहान मुलांची आहेत. पुरस्कार देणारेही मोठेच असतात, हे विसरू नये.

आणि मांडणी बदला, याला पैसे लागत नाहीत. ‘बालविभाग’ अशी पाटी असलेल्या कपाटापाशी चौदा वर्षांचा मुलगा चारचौघांत उभा राहणार नाही, त्यात काय ठेवलंय हा प्रश्न पुढचा. या वयाची पुस्तकं बिनपाटीच्या, खांद्याच्या उंचीच्या फळीवर, वर्तमानपत्रांच्या शेजारी ठेवा. क्रिकेट-फुटबॉल, पैसा, शरीर, मोबाइलच्या आतलं तंत्र या विषयांची पातळ पुस्तकं आणि ‘वयम्’, ‘किशोर’चे ताजे अंक तिथेच पडलेले असू द्या. सार्वजनिक वाचनालयांत तर अलीकडे बसायची सगळी जागा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेने व्यापली आहे. दहावीतला मुलगा आत डोकावतो, वीस जण मान खाली घालून पाठांतर करताना दिसतात, आणि तो परत फिरतो. त्याला बसायला एक बाक तरी राखून ठेवा.

प्रश्न : मी सहावीत आहे. आमच्या शाळेत पुस्तकं सर निवडतात. मुलांना का विचारत नाहीत?
(एक वाचक मुलगी, लातूर)

उत्तर : कारण विचारलं तर तुम्ही सगळे भुताच्या गोष्टी आणि विनोदाची पुस्तकं सांगाल, अशी मोठ्यांना भीती वाटते. ती भीती थोडी खरी आहे. पण म्हणून विचारायचंच नाही असं थोडंच? निम्मी पुस्तकं तुम्ही निवडा, निम्मी सर निवडतील, असा सौदा सरांपुढे ठेवून पाहा.

त्याआधी एक वही कर. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव लिही आणि खाली एवढंच : कितव्या पानावर कंटाळा आला, आणि हे पुस्तक मी वर्गात कोणाला देईन. ‘छान आहे’, ‘आवडले’ असलं काही लिहू नकोस, त्यावरून कोणाला काही कळत नाही. मैत्रिणींकडूनही लिहून घे. दिवाळीनंतर ती वही सरांना दाखव. जिल्ह्यात ग्रंथोत्सव भरतो, तिथे पुस्तकं घ्यायला सर जातील तेव्हा दोन मुलांना बरोबर न्या म्हणावं. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले आहेत. त्यात कोण लेखक तुला आवडतात ते बघ, म्हणजे पुस्तक मागताना नुसतं ‘भुताचं द्या’ असं न म्हणता लेखकाचं नाव घेऊन मागता येईल. नाव घेऊन मागणाऱ्या मुलीला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

प्रश्न : नातवाने वाचनालयातून चेटकिणीचं पुस्तक आणलं. दुसऱ्या एका पुस्तकात सगळे संवाद गावंढळ भाषेत. अशी पुस्तकं निवडसमिती कशी घेते?
(निवृत्त अधिकारी, डोंबिवली)

उत्तर : चेटकीण घेतली ते बरं केलं. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चिंची चेटकिणीने मराठी मुलांच्या पिढ्या घाबरवल्या आहेत, आणि त्या मुलांनी घाबरायला मिळावं म्हणून तिकिटं काढली आहेत. दिलीप प्रभावळकरांसारख्या नटाने ती भूमिका केली. भीती घरात, उजेडात, आजोबांच्या शेजारी बसून चाखायची असते, त्यासाठीच अशी गोष्ट. आक्षेप घ्यायचाच तर वेगळ्या ठिकाणी घ्या. ‘सत्य घटना’ म्हणून भानामती आणि करणीचे प्रकार सांगणारी पुस्तकं मुलांच्या कपाटात शिरतात. गोष्टीतली चेटकीण मुलाला खोटी आहे हे माहीत असतं, तिथे त्याला ती खरी म्हणून सांगितली जाते. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झालेल्या राज्यात तरी ग्रंथपालाने ती पुस्तकं वेगळी काढावीत.

गावंढळ म्हणता ती भाषा राज्यातल्या अर्ध्याहून अधिक मुलांच्या घरात बोलली जाते. पुस्तकात ती फक्त नोकराच्या आणि विनोदी पात्राच्या तोंडी असेल तर मी तुमच्या बाजूने आहे, ते अपमानकारकच. पण नायिकाच वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असेल तर नातवाला वाचू द्या. अडेल तिथे तो तुम्हाला विचारील.

समितीला एक सूचना. काय घेतो, काय घेत नाही आणि तक्रार आली तर ती कोण वाचून बघणार, हे एका पानावर लिहून ठराव करून ठेवा. नाहीतर तक्रार आल्याच्या दुसऱ्या दिवशी पुस्तक गुपचूप कपाटावर जातं, आणि तिथून ते पुन्हा उतरत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत शनिवारी-रविवारी मराठी शाळा चालवतो. मुलं बारा वर्षांची, मराठी बोलतात चांगलं, वाचन मात्र पहिलीतलं. भारतातून कुठली पुस्तकं मागवावीत?
(एक पालक)

उत्तर : पहिलीच्या अंकलिप्या मागवू नका, बारा वर्षांच्या मुलाला त्यांत कमीपणा वाटतो. थोड्या मजकुराची पण मोठ्या मुलांनाही गुंतवणारी चित्रपुस्तकं घ्या, आणि मजकूर मराठी-इंग्रजी शेजारीशेजारी छापलेली द्वैभाषिक पुस्तकं घ्या. चेन्नईच्या ‘तूलिका’ने अशी काढली आहेत. जे पुस्तक मुलांनी इंग्रजीत आधीच वाचलं आहे त्याचं मराठी भाषांतर हाही एक चांगला जिना आहे. गोष्ट ठाऊक असली की डोळे अक्षरांना घाबरत नाहीत, ‘हॅरी पॉटर’ मराठीत आहेच. टपालाचा खर्च पुस्तकाहून जास्त पडतो, तेव्हा आधी ‘स्टोरीवीवर’वरून पन्नास-एक गोष्टी वाचून घ्या आणि मगच पेटी भरायला सांगा. जोडाक्षरं टाळलेली पुस्तकं शोधत बसू नका. ‘मराठ्यां’च्या मुलांना ‘ठ्य’ कधीतरी भेटणारच.

प्रश्न : नव्या पुस्तकांना खाकी कव्हर घालावं का?
(शाळेतील ग्रंथालय साहाय्यक, सोलापूर)

उत्तर : नाही. मुखपृष्ठ पाहूनच मूल पुस्तक उचलतं. पारदर्शक प्लास्टिक घाला, आणि दाखल क्रमांकाची चिठ्ठी चित्रातल्या कोणाच्या तोंडावर चिकटवू नका.